गोदावरीचा आवाज कुलपात

हेरंबने फोल्डरवर दोनदा क्लिक केलं, आणि ज्या कॉम्प्युटरला तो दिवाळीपासून पोसत होता, त्या कॉम्प्युटरने त्याला ओळखच दाखवली नाही.

‘या फोल्डरमध्ये यायची तुम्हाला परवानगी नाही.’ इंग्रजीत. अगदी अदबीने.

त्याने ती चौकट बंद केली. परत क्लिक केलं. परत तेच. माउस झटकला. माउसचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हा हेरंबचा सगळ्या आजारांवरचा उतारा. आयटी पार्कातल्या कंपनीत तो दिवसभर फोनवरून लोकांना हेच सांगत असतो आणि बहुतेक माणसं त्यानेच बरी होतात. चंदीगडच्या मराठी मंडळाचा हा कॉम्प्युटर बरा झाला नाही.

बाहेर हॉलमध्ये खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मुलं निळ्या चादरी घेऊन स्टेजवर पळत होती. संध्याकाळी पाच वाजता मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम, आणि त्यात मुलांचं नाटक, ‘गोदावरीची बदली’.

आता हे नाटक काय प्रकरण होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर हेरंबच्या तोंडचं पाणी का पळालं ते कळायचं नाही.

चंदीगडात मराठी माणूस मुक्कामाला येतो, राहायला येत नाही. कोणी एअर फोर्समधला, कोणी आर्मीतला, कोणी मोहालीत कंपनीत. दोन-तीन वर्षं झाली की सामान बांधलं आणि निघाला. त्यांची मुलं मराठी समजतात, पण बोलायची वेळ आली की ‘मम्मी, यार, हिंदी में बोल दूँ?’ करतात. अशा मुलांकडून स्टेजवर तासभर मराठी बोलून घ्यायचं म्हणजे प्रेक्षकांची परीक्षा. म्हणून मंडळाची एक जुनी पद्धत होती. आवाज आधीच भरून ठेवायचे. एकेक वाक्य मुलाला दहादा म्हणायला लावायचं, त्यातलं बरं ते ठेवायचं, तुकडे जोडायचे आणि नाटकाच्या दिवशी स्पीकरवर लावायचे. मुलं स्टेजवर नुसती तोंडं हलवतात आणि हातवारे करतात. पालक खूश, मुलं खूश, मराठीही खूश.

यंदाचं नाटक स्मिताताईंनी लिहिलं होतं. स्मिताताई मूळच्या नागपूरच्या, नवरा कर्नल, पण घरात हुकूम कोणाचा चालतो ते सगळ्या मंडळाला ठाऊक. नाटकात गोदावरी नदीची बदली होते चंदीगडला. ती येते आणि बघते तर काय, सगळे रस्ते सरळ! वळण घ्यायला जागाच नाही. गोल चक्करपाशी येऊन ती बिचारी नुसती फिरत राहते. शेवटी सुखना तळ्याशी तिची मैत्री होते. लोक हसणार, थोडे रडणार. प्रत्येकाची कधी ना कधी बदली झालेली, त्यामुळे रडणार हे नक्की होतं.

गोदावरीचा आवाज होता कश्मिराचा. आठवीतली मुलगी, वडील विंग कमांडर. आवाज असा, की मराठी कच्चं असलं तरी ऐकत राहावंसं वाटावं. आणि ऐन जानेवारीत, रेकॉर्डिंग संपतं न संपतं तोच, तिच्या वडिलांची खरीच बदली झाली. आसामात, जोरहाटला. स्टेजवरची गोदावरी आता क्षितिजा झाली होती, पण आवाज कश्मिराचाच राहणार होता. तिचं कुटुंब व्हिडिओ कॉलवर नाटक बघणार होतं.

आणि हे सगळे आवाज त्या फोल्डरमध्ये होते. फोल्डर म्हणत होता, तुम्हाला परवानगी नाही.

कॉपी? होती ना. ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर होता. त्याच फोल्डरच्या आत.

हेरंबने कपाळावर हात मारला. खरंच मारला, आवाज आला.

तो बार्शीचा. कॉलेज अर्ध्यात सुटलं, कॉम्प्युटर मात्र सुटला नाही. व्हिडिओ बघत, बिघडवत, दुरुस्त करत शिकला आणि त्या जोरावर इथवर आला. मोहालीत पीजीत राहायचा, रविवारी मंडळात यायचा. पोह्यांसाठी यायचा, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पण मंडळाचा कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात आल्यापासून लोक त्याला नावाने ओळखायला लागले होते. ‘हेरंबला विचारा’ हे वाक्य त्याला पोह्यांपेक्षा गोड लागायचं.

गडबड कशी झाली ते त्याला आता हळूहळू कळत होतं.

त्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं लॉगिन वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी मेजर परीक्षित म्हणून एक जण मंडळात आले, त्यांनी ही शिस्त लावली. सगळ्यांना साधी लॉगिन दिली आणि सगळ्यात वरची किल्ली, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड, स्वतःकडे ठेवली. मग यंदा दिवाळीत, हेरंबला लॉगिन देऊन होताच, त्यांची बदली झाली. सामानाबरोबर पासवर्डही गेला. नंतर फोन केला तेव्हा म्हणाले, “अरे, मला माझ्या बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पासवर्ड कुठला आठवतोय!” तेव्हापासून मंडळ किल्लीविना चाललेलं.

नाटकाचा फोल्डर बनवला कश्मिराने, तिच्या लॉगिनमधून. रेकॉर्डिंगलाही तीच बसायची. निघायच्या आदल्या रविवारी तिने हेरंबला खुर्चीवर बसवलं, समोर सावधानमध्ये उभी राहिली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

“दादा, हँडिंग-टेकिंग ओव्हर करना है.”

फौजेतल्या मुलांचे खेळच असे. बाप चार्ज देतो-घेतो ते बघत वाढलेली. तिने फोल्डरवर हेरंबच्या नावाने सगळे हक्क देऊन टाकले. उघडा, बदला, पुसा, नाव ठेवा. “चार्ज हँडेड ओव्हर,” ती म्हणाली. “चार्ज टेकन ओव्हर,” हेरंबही उठून उभा राहून म्हणाला. दोघं खूप हसले. त्याला वाटलं, आता मालक आपण.

मग पुढचे रविवार नावांच्या मारामारीत गेले. कश्मिराने फायलींना मुलांची नावं दिली होती, ‘कश्मिरा गोदावरी’, ‘ध्रुव ट्रॅफिक पोलीस’ वगैरे. स्मिताताई येऊन त्यातल्या आवडलेल्यांना ‘फायनल’ करून जायच्या. पुढच्या वेळी ‘फायनल नवीन’. मग ‘हीच लाव’. मंडळाचे सेक्रेटरी विजयकुमार काका सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. ते तारीख, वार आणि तापमान सोडून सगळं नावात घालायचे. ध्रुव म्हणजे स्मिताताईंचं शेंडेफळ. त्याने एका फायलीचं नाव ‘खोलो मत भूत है’ ठेवलं, आणि तालमीत हेरंब ते भूत शोधत बसला तोवर गोदावरी स्टेजवर तोंड उघडून तशीच उभी राहिली.

शेवटी हेरंबने सगळी नावं पुसून नुसते आकडे दिले. एकापाठोपाठ एक, नाटकाच्या क्रमाने. एकदम साफ. काल शेवटची तालीम झाली, सगळं सुतासारखं सरळ वाजलं, आणि तो स्वतःशी म्हणाला, आता उद्यापर्यंत कोणी बोट लावायचं नाही.

म्हणून त्याने परवानग्यांच्या पानावर जाऊन ‘एव्हरीवन’ असं नाव टाकलं आणि पुढे सगळ्या चौकटींवर ‘डिनाय’ची खूण केली. सगळ्यांना मनाई. कॉम्प्युटरने एक लांबलचक इशाराही दिला, ‘मनाई ही परवानगीपेक्षा वरचढ असते, पक्कं करायचं का?’ असला काहीतरी. हेरंबने वाचला नाही. इशारे वाचत बसला असता तर तो इतकं शिकलाच नसता. ‘यस’ दाबलं, लाइट घालवला, जाताना कोपऱ्यावर किनूचा, म्हणजे तिकडच्या संत्र्याचा, ज्यूस प्यायला आणि खुशीत मोहालीला गेला.

“हेरंब! काय करून राहिला रे तू आत?” दारातून स्मिताताईंचा आवाज. हातात सेफ्टी पिनांची माळ, खांद्यावर कोणाचं तरी जरीचं परकर-पोलकं. “आवाज लाव ना एकदा. क्षितिजा तोंड हलवायची प्रॅक्टिस करते म्हणते.”

“लावतो ताई. जरा सिस्टिम अपडेट होतेय.”

“आजच व्हायचं होतं तिला?”

“ती कोणाचं ऐकते का.”

“तुझ्यासारखीच आहे मग,” म्हणून त्या गेल्या.

हेरंबला स्वतःचीच लाज वाटली. तो खोटं बोलायचा नाही. पोह्यांसाठी येतो हेसुद्धा ज्याने लपवलं नाही, तो आज एका फोल्डरसाठी थापा मारत होता. त्याने मोबाइलवर शोधाशोध केली. एक व्हिडिओ म्हणे ॲडमिनमधून करा. दुसरा म्हणे ॲडमिनमधून करा. तिसऱ्यात माणूस आधी अर्धा वेळ स्वतःचं चॅनल सबस्क्राइब करायला सांगत होता आणि मग म्हणाला, ॲडमिनमधून करा.

हेरंबने मान वर केली तर समोर विजयकुमार काका. एका हातात चहा, दुसऱ्यात साबुदाणा वडा.

“हेरंबराव, चेहरा का असा? खाल्लं नाही वाटतं सकाळपासून.”

आणि हेरंबचा बांध फुटला. “काका, फोल्डर उघडत नाहीये. मीच बंद केला. काल. कोणी हात लावू नये म्हणून. आता माझ्यासाठीसुद्धा उघडत नाही. कॉपी पण आतच आहे. स्मिताताईंना सांगितलं नाही. अपडेट चाललंय म्हणून थाप मारली.”

काकांनी वडा त्याच्या हातात दिला. “आधी हा खा. ओरडायला नंतर पण वेळ आहे.” मग खुर्ची ओढून बसले. “बंद केला म्हणजे नेमकं काय केलंस?”

“एव्हरीवनला मनाई केली.”

“एव्हरीवन म्हणजे?”

“म्हणजे सगळे, काका.”

काकांनी चहाचा घोट घेतला. “बरं. आणि तू?”

हेरंबने वड्याचा घास तोंडात धरला तो तसाच राहिला.

“तू सगळ्यांत येत नाहीस का, बाबा? का तुझी वेगळी जनगणना होते?”

“मला वाटलं, मी मालक आहे ना, म्हणजे मी सोडून सगळे.”

“मालक कोण ते तुझ्या वाटण्यावर आहे का?” काका मुळीच चिडले नव्हते, उलट त्यांना मजाच वाटत होती. “आमच्याकडे लॅबमध्ये प्रत्येक यंत्राचा एक इनचार्ज असायचा. तो रजेवर गेला की दुसऱ्याला चार्ज द्यायचा. तो दुसरा सगळं करू शकायचा, वापरू शकायचा, दुरुस्तीला पाठवू शकायचा. पण रजिस्टरवर नाव पहिल्याचंच. यंत्राला सील लागलं तर ते काढायला पहिलाच यायला लागायचा. हा फोल्डर जन्माला कोणी घातला?”

“कश्मिराने.”

“मग सील तिच्याकडून काढून घे. मला ते विंडोजबिंडोज कळत नाही, पण नियम लिहिणारे सगळीकडे सारखेच. ज्याने बनवलं त्याला बाहेर ठेवता येत नसणार. नाहीतर कोणीही कोणालाही घराबाहेर काढेल.”

हेरंबच्या डोक्यात दिवा लागला. बरोबर! त्याच्या कुठल्या तरी व्हिडिओत ‘ओनर’ असा शब्द आला होता, आणि त्याने तो पुढे ढकलला होता. मालक स्वतः आत जाऊ शकला नाही तरी कुलूप बदलायचा हक्क त्याच्याकडे राहतोच. कश्मिराच्या लॉगिनमधून गेलं की झालं!

फक्त तिचा पासवर्ड पाहिजे.

त्याने कश्मिराच्या आईला फोन लावला. तिकडे चार वाजायच्या आतच उन्हं कलली होती, मागे चहाच्या कपांचा आवाज येत होता.

“अरे हेरंब! आम्ही तयारच आहोत बघायला. म्हणजे आम्ही दोघं. कश्मिरा नाही म्हणते.”

“नाही म्हणते? का?”

आईने आवाज बारीक केला. “काल रात्री ग्रुपवर पत्रिका टाकलीस ना तू? तेव्हापासून खोलीत बसलीय. जेवली पण नाही नीट.”

हेरंबने घाईघाईने फोन स्पीकरवर टाकून पत्रिका उघडली. त्यानेच बनवलेली. खाली निळ्या लाटा, वर ‘गोदावरीची बदली’ आणि बाजूला कलाकार. ट्रॅफिक पोलीस: ध्रुव. सुखना तळं: मैत्रेयी. गोदावरी: क्षितिजा.

कश्मिराचं नाव कुठेच नव्हतं.

कसं झालं ते त्याला लगेच कळलं. पूर्वी फोल्डर उघडला की ओळीने तिचं नाव दिसायचं, कश्मिरा गोदावरी, कश्मिरा गोदावरी, कश्मिरा गोदावरी. ते पुसून त्याने आकडे घातले. मग पत्रिका करायला बसला तेव्हा स्टेजवर जे दिसत होते त्यांची नावं लिहिली, आणि जिचा नुसता आवाज होता ती सुटली. मुद्दाम नाही. अगदी साफसफाई करता करता.

“तिला देता का फोन?” तो म्हणाला.

बराच वेळ नुसती खरखर. मग दार, मग कुजबुज, मग एक तुटक आवाज.

“हाँ, बोलो.”

“कश्मिरा, मी गाढव आहे.”

“पता है.”

काकांनी हसू दाबायला चहाचा कप तोंडाला लावला. तो रिकामा होता.

“पत्रिकेत तुझं नाव राहिलं. मी फायलींची नावं बदलली ना, त्यात तुझं नाव गेलं आणि मग माझ्या डोक्यातून पण गेलं. चूक माझी आहे. क्षितिजाची नाही, ताईंची नाही.”



“और?”

“आणि दुसरं पण एक गाढवपण केलंय. फोल्डर लॉक केला आणि आता मीच बाहेर आहे.”

“कैसे लॉक किया?”

“एव्हरीवनला डिनाय.”

फोनमधून असं खदखदून हसू आलं की मागून तिची आई ‘काय झालं गं?’ विचारायला लागली.

“दादा! एव्हरीवन में आप नहीं आते क्या? आप कोई स्पेशल हो?”

“हेच आत्ता काकांनी पण विचारलं.”

“चार्ज मैंने दिया था, घर थोड़ी दिया था!”

“माहितीये. म्हणून तर फोन केला. तुझा पासवर्ड दे ना. तू मालक आहेस, तुझ्या लॉगिनमधूनच ते निघेल.”

हसू थांबलं. “पासवर्ड? नहीं नहीं. पासवर्ड नहीं दे सकती.”

“कश्मिरा, पाच वाजता नाटक आहे!”

“तो क्या हुआ. मेरा तो नाम भी नहीं है उसमें.”

हे हेरंबला लागलं. आणि नेमक्या त्याच वेळी दारात स्मिताताई. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. पिनांची माळ गळ्यात गेलेली.

“अपडेट बोलून राहिलंय वाटतं फोनवर,” त्या म्हणाल्या.

“ताई, सांगतो.”

“काही सांगू नको, ऐकलं मी सगळं.” त्यांनी सरळ हेरंबच्या हातातून फोन घेतला. “कश्मिरा बेटा, स्मितामावशी बोलते. ती पत्रिका मी पण वाचली आणि मला पण दिसलं नाही. म्हणजे या पोट्ट्याच्या जोडीला मी पण गाढव. आता ऐक. पडदा उघडायच्या आधी मी स्वतः स्टेजवर येऊन सांगणार, गोदावरीचा आवाज कश्मिराचा, थेट जोरहाटहून. नाही सांगितलं तर माझं नाव बदल.”

“और फ़ाइलों पे?” कश्मिराने विचारलं. आवाज जरा मऊ झाला होता. “मेरा नाम वापस डालोगे?”

हेरंब पुढे झुकून ओरडला, “आत्ता! नाटकाच्या आधी! आकडा पुढे, तुझं नाव मागे. क्रम पण राहील आणि तू पण राहशील.”

“पक्का?”

“पक्का.”

“ठीक है.” मग एक लांब श्वास. “लेकिन पासवर्ड पे कोई हँसेगा नहीं. स्पीकर बंद करो.”

स्मिताताईंनी स्पीकर बंद करायला बोट टेकवलं, आणि सवयीप्रमाणे चुकीच्या जागी टेकवलं. आवाज उलट मोठा झाला.

“इंग्लिश में, सब छोटे अक्षर, जोड़ के,” कश्मिरा म्हणाली. “हेरंबदादा ढ.”

काका आणि स्मिताताई, दोघांनी हेरंबकडे बघितलं.

“दिसंबर में रखा था! आपने एक लाइन बाईस बार बुलवाई थी मुझसे! बाद में बदलना था, भूल गई!”

विजयकुमार काका खुर्चीतून उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. स्मिताताईंनी तर लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. हेरंब मान खाली घालून टाइप करत होता. स्वतःच्या नावापुढे ढ. एंटर.

आणि उघडलं!

कश्मिराचं लॉगिन. मागे पडद्यावर कुठल्या तरी मांजरीचा फोटो. हेरंबने फोल्डरवर उजवं बटण दाबलं, परवानग्यांचं पान काढलं. यादीत सगळ्यात वर, त्यानेच काल बसवलेला तो ‘एव्हरीवन’. त्याने त्याला निवडलं. ‘रिमूव्ह’. मग कॉम्प्युटरने पुन्हा काहीतरी विचारलं.

या वेळी हेरंबने ते वाचलं. सगळं. ओठ हलवत. काकांनीही खांद्यावरून वाकून ते वाचलं.

“हो म्हण,” काका म्हणाले.

त्याने हो म्हटलं. फोल्डरवर दोनदा क्लिक केलं. फायली ओळीने उभ्या राहिल्या, जशा काल होत्या तशा, एकही कमी नाही. त्याने पहिली लावली. बाहेर हॉलच्या स्पीकरमधून कश्मिराचा आवाज आला, थोडा घोगरा, थोडा हिंदी वळणाचा:

‘मी गोदावरी. माझी बदली झालीये. सामान फार नाही, नुसतं पाणी आहे.’

स्टेजवरची पोरं ओरडली. खुर्च्या लावणारे थांबले. हेरंब खुर्चीत असा मागे रेलला, जणू कोणी त्याच्या पाठीवरून धान्याचं पोतं उतरवून घेतलं असावं. हसू येत होतं आणि ते आवरायची ताकद नव्हती. मग त्याला आठवलं की हातात अजून अर्धा वडा आहे. तो गार झाला होता, आणि इतका चविष्ट वडा त्याने आयुष्यात खाल्ला नव्हता.

“सुनाई दिया,” फोनमधून कश्मिरा म्हणाली. “आवाज़ ठीक है. थोड़ा बेस कम करो.”

“करतो, मालकीणबाई.”

मग तो नावांना भिडला. फोन तसाच चालू ठेवला. आकडा, नाव. आकडा, नाव. प्रत्येक गोदावरीपुढे कश्मिरा. मध्येच तिने विचारलं, “ध्रुव का भूत है अभी भी?” तो म्हणाला, आहे, पण आता भुताला पण नंबर दिलाय. ती हसली. तिची आई मागून म्हणाली, “आता तरी जेव काहीतरी,” आणि ताट आल्याचा आवाज झाला.

काम झाल्यावर त्याने स्मिताताईंच्या फोनवर एक कॉपी टाकली, काकांच्या पेन ड्राइव्हवर एक, आणि स्वतःच्या मोबाइलवर एक. पत्रिका दुरुस्त करून ग्रुपवर पुन्हा टाकली. गोदावरी: आवाज कश्मिरा, रंगमंचावर क्षितिजा. क्षितिजाने खाली सगळ्यात आधी टाळ्या टाकल्या.

पाच वाजता, म्हणजे मंडळाच्या पाच वाजता, स्मिताताई स्टेजवर गेल्या आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. जरा जास्तच पाळला. जोरहाट कुठे आहे, तिथे चहा कसा असतो, इथपर्यंत गेल्या. पहिल्या रांगेत काकांनी फोन उंच धरला होता. त्यात कश्मिराचं अर्धं कपाळ आणि एक डोळा दिसत होता, बाकी सगळं छताचा पंखा.

नाटक झालं. ध्रुवने ट्रॅफिक पोलिसाचं तोंड भलत्याच वाक्याला हलवलं, कोणाला कळलं नाही. गोदावरी गोल चक्करपाशी फिरत राहिली तेव्हा लोक पोट धरून हसले. आणि शेवटी ती सुखनाला म्हणाली, ‘मी राहीन गं इथे, पण माझं नाव तेच राहू दे,’ तेव्हा मागच्या रांगांमधून नाकं ओढल्याचे आवाज आले. ते वाक्य डिसेंबरपासूनच नाटकात होतं. हेरंबने ते शंभर वेळा ऐकलं होतं, कापलं होतं, जोडलं होतं. आज बटणावर बोट ठेवून त्याने ते पहिल्यांदाच नीट ऐकलं.

टाळ्या संपल्यावर काका फोन घेऊन आतल्या खोलीत आले.

“मालकीणबाईंना बोलायचंय.”

“दादा,” कश्मिरा म्हणाली, “मस्त था. अब पासवर्ड बदल देना प्लीज़. सबको पता चल गया.”

“बदलतो.”

“पक्का?”

“पक्का,” हेरंब म्हणाला.

लोक जेवायला पांगले. खोलीत तो एकटाच राहिला. कश्मिराचं लॉगिन बंद करायच्या आधी त्याने परवानग्यांचं पान परत काढलं आणि सावकाश, प्रत्येक ओळ वाचत, नीट बसवलं. ऐकायची परवानगी सगळ्यांना. बदलायची त्याला आणि काकांना. मालकाच्या जागी जे नाव होतं त्याला त्याने हात लावला नाही.

मग पासवर्ड बदलायचं पान उघडलं. जुना पासवर्ड टाका, असं कॉम्प्युटर म्हणाला. हेरंबने टाकला. हेरंबदादा ढ. चौकटीतल्या काळ्या टिंबांकडे बघत बसला. नवा काय टाकायचा ते काही सुचेना. बाहेरून स्मिताताई ओरडल्या, “अरे ये ना! जिलबी संपून राहिली!”

त्याने पान तसंच मिटलं, लाइट घालवला आणि जिलबीकडे पळाला.